बाजूनं आलेला ओंडका

“लपवू नको. म्या लपवलं, तू लपवू नको. दिस मावळला की चाचपडाय लागलीस, तर त्याच दिवशी सांग.”

अम्माचा कित्येक वर्षांपूर्वीचा आवाज कानात आला तसा तरन्नुमचा अंगठा अडखळला आणि पडद्यावरची होडी ओंडक्यावर आदळता आदळता वाचली. तिनं खेळ थांबवला. हातातला गेम मांडीवर उपडा ठेवून ती गल्लीच्या तोंडाकडं कान लावून बसली. मगरिबची नमाज होऊन गेली होती. समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबला होता. अलिजाची स्कूटी अजून आली नव्हती.

कळंबच्या त्या गल्लीत दिवेलागणीची वेळ म्हणजे सगळ्यांच्या बोलण्याची वेळ. बाया उंबऱ्यावर येऊन बसायच्या. तरन्नुम मात्र ट्यूबलाइट लावून शिलाई मशीनपाशीच बसायची. लोकांना वाटायचं, बाईला कामाचा भारी हव्यास. तिला ठाऊक होतं, की उजेडातून उंबऱ्यापर्यंत जाताना मधे एक पायरी आहे आणि ती पायरी संध्याकाळी जागेवर नसते.

स्कूटीची धडधड आली. तरन्नुमनं मनातल्या मनात शुक्र अदा केला.

“अम्मी, ओरडू नको बरं का,” अलिजा दारातूनच म्हणाली. तिच्या ओढणीला धूळ लागली होती.

“काय झालं?”

“काय न्हाय गं. मेन रोडला हातगाडेवाला आडवा आला. मडगार्डला जरा घासलंय. त्याचे पेरू सांडले, तेवढे उचलून दिले. त्यानं शिव्या दिल्या, त्या पण उचलून घेतल्या.”

“पडली न्हाईस ना कुठं?”

“न्हाय गं! बाजूनं आला ना तो. दिसलाच न्हाय मला. उगवल्यावानी एकदम म्होरं.”

“कुठल्या बाजूनं?”

“आता बाजूचं काय घिऊन बसलीस? बाजूनं म्हंजे बाजूनं,” असं म्हणत अलिजा आत वळली आणि तिचा पाय तांब्यावर पडला. पाणी फरशीभर झालं. “तू पण ना अम्मी, कुठंबी ठिवतीस तांब्या!”

तांब्या रोजच्याच जागी होता.  बाहेरून आत आलं की डोळ्यांवर अंधारी येतेच कुणाच्याही, असं तरन्नुमनं स्वतःला सांगितलं. मग फडकं घेऊन ती पाणी पुसायला लागली. पुसताना तिच्या लक्षात आलं, की आपण हातानं चाचपून पाणी शोधतो आहोत.

तरन्नुमला गल्ली ‘गेमवाली’ म्हणून ओळखायची. पाठीमागं नव्हे, तोंडावरच. ब्लाउज टाकायला आलेली बाई मापं देता देता म्हणायची, “काय गं गेमवाले, आज किती राक्षस मारले?” बेचाळिशी ओलांडलेली, पाच वक्ताची नमाज न चुकवणारी, कुणाशी चढ्या आवाजात न बोलणारी ही शिंपीण दुपारचं जेवण झाल्यावर पाय लांब करून व्हिडिओ गेम खेळते, याची गंमत आता जुनी झाली होती.

तो नाद लावला सादिकभाईनं, तिच्या थोरल्या भावानं. त्याचा एक दोस्त रियाधहून आला, त्यानं दोन वस्तू दिल्या. एक टीव्हीला जोडायचा गेम, त्यात कॅसेट घालावी लागायची. आणि दुसरा हातात मावणारा, करड्या रंगाचा, चार सेलवर चालणारा; कॅसेट त्यालाही लागायची. टीव्हीवरचा गेम सादिकभाईच्या दोस्तांनी पळवला. हातातला तरन्नुमला मिळाला, कारण त्याच्या पडद्याला उजेड नव्हता. खिडकीत बसून, पडदा तिरका धरून, उन्हाच्या उजेडात खेळावं लागायचं. दिस कलला की खेळ बंद. पोरांना ते परवडायचं नाही. तिला परवडायचं. संध्याकाळी ही पोरगी खिडकीतून उठते, भिंत धरून आत येते, याचा अर्थ म्हणूनच कुणी कधी लावला नाही.

कॅसेट चालली नाही की पोरं ती काढून तिच्यात फुंक मारायची. तरन्नुम फुंक मारण्याआधी बिस्मिल्ला म्हणून दुवा पढायची. सादिकभाई हसून लोळायचा, “अम्मा, बगा ओ, ही कॅसेटीला दम करायलीय!”

दम करणं तिनं घरातच पाहिलेलं होतं. त्यांच्या अम्माच्या, जैनबबीच्या डोळ्यांवर दर जुम्मेरातीला कुणी ना कुणी पढून फुंक मारायचं. अम्माला ‘नजर’ झाली होती. घरात तो एवढाच शब्द होता. लग्न होऊन आली तेव्हा जैनबबी दिसायला देखणी, म्हणून तिला कुणाची तरी नजर लागली, असं सासू म्हणायची. मिरच्या ओवाळल्या, लोबान झाला, दर्ग्यात पाणी पढून झालं. आणि सगळे नजर काढत होते तोवर तिची नजर खरोखरच जात होती. आधी संध्याकाळची. मग दोन्ही बाजूंची. समोर नळीतून दिसावं तेवढं उरलं. जैनबबीनं तेवढ्यावर भाकरी थापल्या, पोरं वाढवली आणि सासरी कुणाला कळू दिलं नाही. कपाळाला टेंगूळ आलं की म्हणायची, मांजर पायात आली. त्या घरात मांजर नव्हती.

शेवटी सादिकभाई तिला डोळ्यांच्या शिबिरात घेऊन गेला तेव्हा ती नळीही बुजली होती. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून येतं, लेकीबाळींना वेळेवर दाखवा. घरी आल्यावर जैनबबीनं तरन्नुमचे हात आपल्या हातात घेतले, नुसते घेऊन बसली आणि मग तिच्याकडून वचन घेतलं. तरन्नुमनं दिलं. तेव्हा अलिजा पाळण्यात होती. वचन द्यायला काही जड गेलं नव्हतं.

जड पुढं गेलं. अलीकडं सुईत दोरा पहिल्या झटक्यात जायचा, पण मांडीशेजारी ठेवलेली कात्री सापडायची नाही. गिऱ्हाईक बाजूला येऊन उभं राहिलं की दचकायला व्हायचं. मग तरन्नुमनं स्वतःची एक परीक्षा काढली. सोहेलनं, म्हणजे सादिकभाईच्या पोरानं, तिला नवा गेम आणून दिला होता. तळहाताएवढा, उजेडाचा पडदा, आणि आत सगळे जुने खेळ भरलेले. त्यात तिचा तो नदीचा खेळ होता. होडी वर वर जाते, दोन्ही काठांवरून ओंडके वाहत येतात, त्यांना चुकवायचं. रोज मगरिबनंतर ती एकदा नदी पार करायची. एकही ओंडका लागला नाही, की डोळे शाबूत. अल्लाचे आभार मानून गेम बंद. कुणाला सांगायचं कारणच काय?

रोज नदी पार व्हायची. रोज जीव भांड्यात पडायचा. आणि रोज संध्याकाळी तो पुन्हा भांड्याबाहेर असायचा.

*

रविवारी सोहेल आला तो फोन लावायची तिपाई घेऊन. त्याचं स्टँडजवळ मोबाइलचं दुकान होतं, आणि हल्ली तो व्हिडिओ करायचा.

“फुपू, आज तुमची मुलाखत. लोकायला जुन्या गेमचं लई याड लागलंय सध्या. तुमच्याइतकं जुनं मॉडेल कळंबात दुसरं न्हाय.”

“मला जुनं मॉडेल म्हणायलास व्हय रे?”

“चालू कंडिशनमधी हाय म्हणलं ना!”

अलिजा खुदखुदली. तरन्नुमनं ओढणी डोक्यावरून नीट घेतली, चेहरा दाखवायचा नाही, फक्त हात दाखवायचे अशी अट घातली आणि मशीनपुढच्या स्टुलावर बसली. सोहेलनं घसा खाकरला आणि त्याची भाषाच बदलली.

“नमस्कार मंडळी. आज आपल्यासोबत आहेत कळंबच्या सुप्रसिद्ध गेमवाल्या फुपू. फुपू, जुने गेम आणि आजचे गेम यांच्यातील फरक आपण कसा सांगाल?”

“असा काहून बोलायलास रे? ताप बीप आलाय का?”

“फुपू! रेकॉर्डिंग चालूय.”

मग ती बोलायला लागली आणि बोलतच राहिली. बटणं म्हणजे अंगठ्याचे डोळे, ती म्हणाली. काचेवर बोट घासून खेळायचं म्हणजे भाकरी बघून पोट भरायचं. बटण दाबलं की खालून टक् असं उत्तर आलं पाहिजे. बटणानं ‘आले बाई’ म्हणायला पाहिजे. जुना खेळ हरवायचा तर सरळ हरवायचा, परत ये म्हणून मागं लागायचा नाही. आताचे खेळ फेरीवाल्यासारखे दार सोडत नाहीत, हे घे, ते घे, उद्या ये, परवा ये. आणि जुन्या खेळाला शेवट होता. नदी संपायची. पलीकडं गाव यायचं.

“आणि कॅसेटमध्ये फुंक मारायची, त्याबद्दल काय सांगाल?”

“ती चूकच होती बाबा. फुंकेतला ओलावा आत जायचा, आतल्या पितळी दात्यांना हिरवा गंज चढायचा. फुंकेनं कॅसेट चालायचीच न्हाय. आपण ती बाहेर काढायचो आन् परत नीट बसवायचो, त्यानं चालायची. नाव फुंकेचं व्हायचं.”

“वा! आणि शेवटचा प्रश्न. मोठा पडदा की छोटा पडदा?”

“छोटा,” ती ताबडतोब म्हणाली. “खेळ हातात मावला पाहिजे. मोठ्या पडद्यावर खेळ कुठं असतो? ती जत्रा असती. कुठं बघावं तेच कळत न्हाय. इकडं बघावं तर तिकडनं कायतरी येतंय.”

“मग होऊन जाऊ द्या!” सोहेल उठला. अलिजाच्या अब्बूंनी, समदनं, ईदला घेतलेला भिंतभर टीव्ही समोरच होता. सोहेलनं गेमची वायर त्याला लावली. “तुमचाच नदीचा खेळ. तुमचाच अंगठा. पडदा तेवढा मोठा. लोकायला दिसू द्या फुपूची कमाल.”

तिला नको म्हणायचं होतं. पण नको म्हणण्याचं कारण तोंडातून बाहेर येईना. ते कारण तिनं स्वतःलाच सांगितलेलं नव्हतं. अलिजा पाठीमागून म्हणाली, “खेळ ना अम्मी.”

होडी निघाली. पाणी टीव्हीभर निळं पसरलं. डाव्या अंगठ्यानं होडी हलली, उजव्यानं वेग. अंगठे तेच होते. तरन्नुम होडीकडं बघत होती, होडी तिला स्वच्छ दिसत होती, होडीपुढचं पाणीही दिसत होतं. आणि खण्ण आवाज झाला. होडी फुटली.

“अरे?” सोहेल हसला. “फुपू, पहिलाच ओंडका!”

परत निघाली. परत खण्ण. तिनं मान फिरवली तेव्हा कुठं तिला ओंडका दिसला. चांगला हातभर लांब, उजव्या काठावरून सावकाश वाहत आलेला. तो मघापासून तिथंच होता. तिला काठच दिसत नव्हते. एवढ्या मोठ्या पडद्यावर तिची नदी पोळपाटाएवढी होती, आणि तिच्या भोवती काळं नव्हतं, पांढरं नव्हतं, काहीच नव्हतं.

तळहाताएवढा पडदा नळीत मावत होता. म्हणून रोज नदी पार होत होती.

“एवढा मोठा दगडावानी ओंडका दिसला न्हाय व्हय तुमाला?” सोहेलला हसू आवरेना. “लई भारी! हेच सगळ्यात आधी टाकतो मी.”

“टाकू नको,” तरन्नुम म्हणाली. “ते काढून टाक. तेवढं काढ.”

आणि बोलता बोलता तिला ऐकू आलं. लपवू नको.

“दे इकडं अम्मी,” अलिजानं तिच्या हातातून गेम घेतला. “माझ्याकडं बग. असं खेळायचं असतंय.” ती पाय दुमडून टीव्हीसमोर बसली. होडी ऐटीत निघाली. एक वळण, दुसरं वळण. तरन्नुम पडद्याकडं बघत नव्हती. ती लेकीच्या मानेकडं बघत होती. सोहेल खेळताना त्याची मान हलत नसे, नुसते डोळे फिरत. अलिजाची मान इकडून तिकडं, इकडून तिकडं फिरत होती, रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी.

क्षणभर ती फिरायची थांबली. खण्ण.

“आता हा कुठनं आला?” अलिजा चिडून म्हणाली. “बाजूनं आला. दिसलाच न्हाय.”

“मायलेकी सारख्याच!” सोहेल टाळी वाजवून ओरडला.

गल्लीत कुणाचा तरी कुकर वाजला. सोहेल वायरी गुंडाळत होता, अलिजा त्याच्याशी भांडत होती, टीव्हीवर फुटलेल्या होडीच्या फळ्या तरंगत होत्या. तरन्नुम मशीनकडं वळली आणि शिवून झालेल्या ब्लाउजची पुन्हा घडी घालायला लागली. आपला चेहरा कुणाला दिसू नये, असं तिला वाटलं. इतकी सवय झाली होती.

*

समद मोंढ्यातल्या धान्याच्या आडतीवर वजनकाट्याला असायचा. जेवताना तिनं त्याला स्कूटीचं सांगितलं, तांब्याचं सांगितलं, टीव्हीचं सांगितलं. आपल्या स्वतःच्या डोळ्यांचं नाही सांगितलं.

“पोरीला नजर लागली असंल,” समद म्हणाला. “फर्स्ट क्लास मिळाला, स्कूटी फिरवती, लोक बघत्यात. दोन मिरच्या ओवाळ आन् टाक चुलीत.”

“नजर काढायची न्हाय ओ,” ती हळूच म्हणाली. “नजर दाखवायची.”

समदचा घास हातातच राहिला. जैनबबी त्यानं पाहिली होती. जावई आला की त्याच्या आवाजाच्या बाजूला हसणारी, चहाचा कप हवेत धरून उभी राहणारी. त्यानं तरन्नुमकडं बघितलं. मग ताटातली भाजीची वाटी उचलून त्यानं तिच्या ताटाच्या उजव्या कडेला, अगदी बाहेर ठेवली.

“घे भाजी,” तो म्हणाला.

तरन्नुमचा हात ताटाभोवती फिरला. वाटी सापडली नाही.

“कवापासनं?” समदनं विचारलं.

तिनं मान खाली घातली.  त्यानं वाटी उचलून तिच्या बोटांना लावून दिली.

पहाटे फजरची नमाज झाल्यावर ती नेहमीप्रमाणे अलिजाच्या उशाशी बसली. लेक पाळण्यात होती तेव्हापासूनचा तिचा हा नेम. पढायचं, आणि झोपलेल्या पापण्यांवर हळू फुंक मारायची. तापात, माहेरी, प्रवासात, तो कधी चुकला नव्हता. आज पढून झालं, ओठ पुढं आले आणि फुंक मधेच थांबली.

फुंकेवर तिचा भरवसा होता. आजही होता. पण कालच तिनं आपल्या तोंडानं साऱ्या जगाला सांगितलं होतं, कॅसेट बाहेर काढून बघावी लागते. इतकी वर्षं ती फुंकतच बसली होती. बाहेर काढायला तिची छाती होत नव्हती. काढली आणि आतून गंजलेली निघाली तर? डॉक्टर मान हलवून म्हणाले, ‘व्हय, आहे’, तर? न बघितलेलं नसल्यासारखं असतं. बघितलं की ते घरात राहायला येतं.  एकोणीस वर्षांची पोर, पापण्या मिटून, तोंड उघडं टाकून झोपली होती. आजीसारखंच नाक.

तिनं फुंक मारली. मग खांद्याला हात लावला.

“ऊठ. आपल्याला धाराशिवला जायचंय.”

“कामून?” अलिजा डोळे न उघडता म्हणाली.

“डोळ्याच्या डॉक्टरकडं. आधी माझे दाखवायचे. मग तुझे.”

अलिजानं डोळे उघडले. आईकडं बघितलं. खोलीत पहाटेचा अर्धाच उजेड होता. ती म्हणाली, “अम्मी, तुला संध्याकाळचं दिसत न्हाय ना? मला ठावंय.”

“आन् तुला?”

 अलिजा पांघरुणाची कड बोटाला गुंडाळत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “मला वाटलं तू घाबरशील. म्हणून सांगितलं न्हाय.”

तरन्नुमनं तिला जवळ ओढलं नाही, रडली नाही. ओढलं असतं तर दोघी तिथंच बसून राहिल्या असत्या. ती उठली आणि चहाला आधण ठेवलं.

ऊन पडल्यावर त्या निघाल्या. समदनं सुट्टी टाकून येतो म्हणून बघितलं, ती म्हणाली, आमी जातो, तुमी दुवा करा. तिनं स्कूटीची चावी मशीनच्या खणात टाकली. शेजारी तो तळहाताएवढा गेम होता. नदी काल होडी फुटली तिथंच थांबलेली असणार. तिनं गेम बाहेर काढला नाही. खण लावून घेतला.

उंबऱ्यापाशी येऊन ती थांबली. इतक्या वर्षांत ती ही पायरी अंदाजानं उतरायची, चेहऱ्यावर काही न दाखवता. आज समोरच्या उंबऱ्यावर बाया बसलेल्या असताना तिनं हात पुढं केला आणि अलिजाच्या दंडाला धरलं. पाय पुढं टाकून पायरी चाचपली. सापडली.

“काय गं गेमवाले, सकाळी सकाळी कुठं स्वारी?” गिरणीवालीनं विचारलं.

“धाराशिवला. डोळे दाखवायला,” तरन्नुम म्हणाली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण गल्लीभर ऐकू गेला. “मला दिसत न्हाय नीट. बाजूचं.”



गल्लीच्या तोंडाशी उजवीकडून सायकलची घंटी वाजली. दोघींनी एकदमच पूर्ण मान वळवली, सायकल जाऊ दिली, आणि मग परत मान सरळ करून एसटी स्टँडच्या रस्त्याला लागल्या.